अर्धे काका

अर्धे काका प्रार्थना अर्धीच म्हणत. उरलेली अर्धी ते म्हणत नसत आणि गाळतही नसत. तिला लागेल तेवढा वेळ हातात माळ धरून गप्प उभे राहत, समोर कोणीतरी ती म्हणतंय अशा बेताने ऐकत राहत, आणि मग पुढच्या मण्यावर जात. समोर कोणी नसे. वाटेच्या वळणावरचा पांढरा क्रूस, त्याच्या कोनाड्यात एक मेणबत्ती आणि फार तर आडवं पडलेलं एखादं कुत्रं. रोज संध्याकाळी चर्चची घंटा झाली की हे सुरू व्हायचं आणि अंधार पडेपर्यंत चालायचं.

त्यांचं खरं नाव पास्कू. 'अर्धे काका' हे आमच्या सोसायटीतल्या पोरांनी पाडलेलं. पोरांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण रोझरी ही प्रार्थना दोघांत वाटून म्हणायची असते हे आम्हा मोठ्यांना तरी कुठे माहीत होतं? एकाने 'नमो मरिया' म्हणून पहिली अर्धी म्हणायची, बाकीच्यांनी दुसऱ्या अर्धीने तिला उत्तर द्यायचं. पुन्हा पहिली, पुन्हा दुसरी. माळ संपेपर्यंत असंच. उत्तर देणारे उरले नाहीत म्हणून काकांनी त्यांची जागा भरून काढली नाही, एवढंच.

आमची इमारत कळंबकडे जाणाऱ्या रस्त्यावरून जरा आत, वाडीच्या कडेला आहे. 'कडेला' हे बिल्डरचं म्हणणं. खरं तर ती वाडीच्या पोटात आहे, आणि केळींना पाणी पुरवणारं बावखल, म्हणजे वाडीतलं जुनं तळं, बुजवून उभी केलेली आहे. काका म्हणायचे, "तुमी लोकं पान्यावर झोपता, बाय. पोहायला शिकून ठेवा." पावसाळ्यात पार्किंगमधून स्कूटर ढकलत बाहेर काढताना हे वाक्य आठवायचंच.

मी मूळची राजापूरकडची. मुंबईत मुलींच्या एका शाळेत शिवण शिकवलं, नोकरी संपत आली तेव्हा हा पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला आणि उजेडासाठी मशीन खिडकीशी ठेवलं. लग्न केलं नाही. म्हणजे करणार नव्हते असं नाही, राहून गेलं. स्वभावाने मी जरा कातावणारी आहे. अर्धवट शिवण टाकून उठणाऱ्या मुलींना मी वर्गात उभं करत असे. अशा बाईच्या नेमकं खिडकीखाली हा गृहस्थ रोज अर्धी प्रार्थना म्हणणार, म्हणजे नशिबाने माझी केलेली थट्टाच.

पण मी राहायला आले तेव्हा ते अर्धे नव्हते. तेव्हा क्रुसापाशी दोघं असायची. काकांचा आवाज खणखणीत, आणि त्यांच्या बायकोचा, मार्था मावशींचा, इतका बारीक की वर माझ्यापर्यंत त्याची नुसती गुणगुण पोचायची. शब्द एकही कळत नसे. मावशी मला सांगायच्या, पूर्वी अख्खी आळी क्रुसापाशी जमायची, मे महिन्यात तर उभं राहायला जागा नसायची, आणि उत्तराचा आवाज असा उठायचा की चिंचेवरची वटवाघळं वेळेआधी उडायची. मग एकेकाने वाडी विकली. कोणी स्टेशनजवळ फ्लॅटमध्ये गेलं, कोणी परदेशी गेलं. काकांचा एकुलता एक मुलगा नेल्सन न्यूझीलंडला गेला. शेवटी वटवाघळं आपल्या वेळेवर उडायला लागली.

मावशी पोटाच्या दुखण्याने गेल्या. त्यांना मातीत ठेवून आले त्याच संध्याकाळी घंटा झाली आणि काका क्रुसापाशी येऊन उभे राहिले. पहिली अर्धी म्हटली. थांबले. मी सवयीने गुणगुणीसाठी कान दिला, आणि खाली काहीच नव्हतं. असली शांतता मी त्याआधी ऐकली नव्हती. मला वाटलं, आता ते रडतील किंवा घरात जातील. ते पुढच्या मण्यावर गेले.

पुढे त्याचीही सवय झाली. ते बोलत तेव्हा मी मान राखून मशीन थांबवी आणि ते गप्प होत तेव्हा पायडल मारी. एका गप्पीत ब्लाउजची एक बाजू व्हायची. ती गप्पी केवढी असते हे माझ्या पायाला पाठ झालं, आणि पहिली अर्धी कानाला. दुसरी अर्धी काय आहे हे कोणाला विचारावं असं कधी मनातच आलं नाही. ती जागा मला रिकामीच पाठ झाली होती.

सोसायटीतल्या पोरांनी एक खेळ काढला. काका गप्प झाले की जिन्याच्या खिडकीतून ओरडायचं, "आमेन!" आणि खाली बसून हसायचं. सेक्रेटरींनी पोरांना दम दिला तेव्हा काकाच मध्ये पडले. "नको, वरडू द्या. उत्तर तर देतात!" मग पोरांकडे वळून म्हणाले, "पन घाई करता रे. आमेन शेवटाला असते." पोरं ओशाळली आणि खेळ बंद पडला. काकांना त्याचं वाईट वाटलं असावं. दोन-तीन संध्याकाळी ते जिन्याच्या खिडकीकडे बघताना मला दिसले.

माळ संपली की ते शेवटी मोठ्याने म्हणत, "दिलंस. आभारी हाय." हे मात्र मला सोसेना. एक दिवस ते केळीचा फणा द्यायला जिना चढून आले तेव्हा मी विचारलंच. "काका, रोज एकटे उभे राहता. दिलं दिलं म्हणता ते काय दिलंय त्याने?"

"उत्तर द्यायला मानूस मागलाय मी. मार्था गेली त्या दिवशीच मागलाय. एकदा."

"एकदाच?"

"तू मोबाइलवर कापड मागवते ना?"

"मागवते."

"मग रोज उठून परत मागवते का?"

"नाही. दुप्पट येऊन पडेल."

काका हसले. "मग? तसंच हे. त्याच्या मर्जीतलं काय मागलं तर तो ऐकते. आनि ऐकलं म्हनजे दिलंच. असंच शिकलोय आमी. पाठवलंय त्यानं, मना ठाव हाय. यायला वेळ लागते. दार वाजंपर्यंत दुकानदाराला हाका मारायच्या नाय."

"आणि वाटेत हरवलं तर?"

"तुजं दुकान हरवते, बाय. त्याचं नाय." जाता जाता दारात वळून म्हणाले, "तुजी मशीन ऐकतो मी. बरोबर वेळेला चालते. निम्मं आलंय."

हा भरवसा नुसता बोलण्यातला नव्हता. मे महिन्यात क्रुसापाशी प्रार्थना झाली की जमलेल्यांना उकडलेले चणे वाटायचे, ही त्यांच्याकडची रीत. जमणारे उरले नाहीत, पण काका दर वर्षी पहिल्या दिवसासाठी आदल्या दिवशीच मोठा टोप भरून चणे भिजत घालत. अख्खी आळी पुरून उरावी इतके. मी म्हटलं, "काका, पसाभर घाला की." ते म्हणाले, "मानसं मागलीत आनि चने पसाभर? मग तो म्हनेल, ह्यालाच खातरी नाय." संध्याकाळी प्रार्थना एकट्याने, अर्धीच व्हायची आणि मग काका डबे आणि कागदाच्या पुड्या घेऊन घरोघर फिरायचे. आमच्या इमारतीत, कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्यांना, दुकानदारांना. दुसऱ्या दिवशी सोसायटीत घरटी चण्याची उसळ असे. बायका त्यांची टिंगल करत आणि डबे घासून परत पाठवत. टोप घासताना काकांचं तोंड कसं असायचं ते मी एकदा वरून पाहिलंय. कोणी बघत नाही असं वाटतं तेव्हा माणूस दिसतो तसे ते दिसत होते. थकलेले आणि एकटे.

एकदा माझं डोकं भणकलेलं होतं. बहिणीच्या आजारपणातून आले होते, आणि कोणाच्याही देवावर तेव्हा माझा राग होता. काका विहिरीपाशी चाफ्याची फुलं काढत होते. मी म्हटलं, "मावशी आजारी होत्या तेव्हाही मागितलंच असेल ना तुम्ही?"

त्यांनी फूल तोडायला वर केलेला हात तसाच राहिला. माझ्या पायाने ती गप्पी मोजली. अख्ख्या अर्ध्या प्रार्थनेएवढी होती.

"तवा मागलं नाय मी," ते म्हणाले. "हुकूम केला. 'उठव हिला' म्हनलं. मागनाऱ्यानं हात पुढं करायचा असते. मी बोट दाखवलं."

"म्हणून ऐकलं नाही त्याने?"

"ऐकलं. नाय बोलला." आवाज फाटला होता, तो त्यांनी लपवला नाही. "नाय बोलनारा पन ऐकूनच बोलते, बाय." मग फुलं माझ्या ओंजळीत टाकून ते आत गेले. मला ते पटलं नाही. आजही पुरतं पटलंय असं नाही. पण त्या संध्याकाळी मी मशीन चालवलं नाही, नुसती खिडकीत उभी राहिले.

नेल्सन दर रविवारी फोन करायचा. फोन काका हाताच्या अंतरावर धरून ओरडून बोलत, त्यामुळे तो आम्हा सगळ्यांनाच असे. "पप्पा, तिथे तुमचं कोण आहे? इकडे या." आणि काकांचं उत्तर ठरलेलं. "कसा येऊ? हितलाच पत्ता दिलाय मी. पत्ता बदलला तर आलेलं मानूस परत जाते." नेल्सनला वाटायचं, म्हातारा भ्रमिष्ट झाला. सोसायटीचंही तेच मत होतं. मला मात्र आतून भीती वाटायची की कधीतरी ते खरंच जातील. संध्याकाळी माझ्याकडे येणारं दुसरं कोण होतं? आणि तेही काही माझ्याकडे येत नव्हते.

ऑक्टोबर त्यांच्याकडे रोझरीचा महिना. त्याच महिन्यात एका सकाळी काका विहिरीपाशी पडले. सोसायटीतल्या लोकांनी गाडीत घालून दवाखान्यात नेलं. जीव वाचला, पण उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. नेल्सन धावत आला. घरी आणल्यावर त्याने सांभाळायला एक बाई ठेवली आणि पुढच्या रूममध्ये, क्रूस दिसेल असा पलंग लावला. समजूतदार मुलगा. पण त्याची रजा संपत आली होती, आणि मुंबईला सिस्टर लोक चालवतात अशा एका वृद्धाश्रमात त्याने बापासाठी जागा बघून ठेवली होती. मला म्हणाला, "इथे ठेवून कोणासाठी ठेवू, आंटी? त्यांचं इथे कोणीच नाही."

काका घरी आले त्याच संध्याकाळी घंटा झाली. मी मशीन थांबवलं, आणि खाली काही सुरू झालं नाही. पहिली अर्धीही नाही. इतकी वर्षं मी रिकाम्या जागेशेजारी राहिले होते, पण आता तिला काठच उरला नव्हता. मी चपला पायात सरकवल्या आणि खाली गेले.

काका पलंगावर उशीला टेकून होते. डाव्या हातात माळ होती. ओठ हलत होते, जोर लावत होते, आणि घशातून एकच कसलासा आवाज येत होता. सुरुवातच फुटत नव्हती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. नेल्सन स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. मला काय करावं ते कळेना. देवाचं म्हणून मला शुभंकरोतीच्या पुढे काही येत नाही, आणि त्यांच्या देवाचं तर फक्त एकच गोष्ट येत होती, तीही अर्धी. मी त्यांच्याजवळ स्टुलावर बसले आणि ती म्हटली. 'नमो मरिया' पासून, त्यांच्याच चालीत, ते जिथे श्वास घेत तिथे श्वास घेऊन. अर्ध्यावर आले आणि थांबले, कारण पुढचं मला माहीतच नव्हतं.

खोलीत ती गप्पी सुरू झाली. माझा पाय जमिनीवर आपोआप हलला.

आणि काका बोलले. जिभेला जड, शब्द एकमेकांत अडकलेले, पण सबंध. डॉक्टर म्हणाले होते की आता बोलणं येणार नाही. पण सुरुवात दुसऱ्याने करून दिल्यावर पाठ असलेलं पुढचं त्यांच्या तोंडून आलं. देवाच्या आईला केलेली विनवणी होती ती. आम्हा पाप्यांसाठी माग, आता, आणि आमच्या मरणाच्या वेळी. एवढ्या वर्षांनी ती दुसरी अर्धी मी पहिल्यांदा ऐकली. मार्था मावशी रोज बारीक आवाजात हे म्हणत होत्या तर! शेवटी काका म्हणाले, "आमेन." अगदी वेळेवर.

मी पुन्हा पहिली म्हटली. त्यांनी पुन्हा दुसरी. माळ संपेपर्यंत आम्ही दोघं तेच करत राहिलो, आणि मी मध्येमध्ये पदराने त्यांचं तोंड पुसत होते की माझं, ते आता आठवत नाही. संपल्यावर काकांनी माळ छातीवर ठेवली. त्यांना काहीतरी सांगायचं होतं, ते येईना. मग त्यांनी डावा हात खाली नेला आणि बोटांच्या पेरांनी पलंगाच्या लाकडावर वाजवलं. टक टक. दारावर वाजवतात तसं. आणि चेहऱ्याची जी बाजू चालत होती तिने ते हसले.

नेल्सन कधीच बाहेर जाऊन ओट्यावर बसला होता, आमच्याकडे पाठ करून. मी निघाले तेव्हा उठला नाही. खाली मान घालून एवढंच म्हणाला, "मला वाटलं होतं, इथे कोणी नाही." दुसऱ्या दिवशी त्याने वृद्धाश्रमाला फोन करून नाही म्हणून कळवलं. सांभाळणारी बाई कायमची ठेवली आणि आठवड्याने परत गेला.

नंतरचे महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात बरे महिने होते. रोज घंटा झाली की मी खाली. एकदा फादर काकांना कम्युनियनचा प्रसाद द्यायला आले ते प्रार्थना चाललेली पाहून दाराशीच थांबले. नंतर मला म्हणाले, "छान म्हणता. कोणत्या पॅरिशच्या तुम्ही? चर्च कोणतं?" मी म्हटलं, "राजापूरच्या. गंगेपासून जवळच." फादर आधी गोंधळले आणि मग दिलखुलास हसले. काका तर खोकला लागेपर्यंत हसले.

नाताळ झाला, ईस्टरआधीचा उपवासाचा काळ लागला, आणि एका दुपारी झोपेतच काका गेले. नेल्सन आला. आळीतली पांगलेली माणसं कुठून कुठून आली. शवपेटी घरातून निघाली ती क्रुसापाशी थांबवली, फादरांनी पहिली अर्धी म्हटली, आणि इतक्या लोकांनी एकदम उत्तर दिलं की माझ्या अंगावर काटा आला. त्या दिवशी मीही दुसरी अर्धी म्हटली. त्यांच्या वाटची ती कोणीतरी म्हणायला हवी होती. माणसं जेवून, एकमेकांचे नंबर घेऊन, संध्याकाळच्या आत आपापल्या घरी गेली. नेल्सन घराला कुलूप लावून गेला.

आता घंटा झाली की मी मशीन थांबवते आणि क्रुसापाशी जाते. मेणबत्ती लावते, पहिली अर्धी म्हणते आणि थांबते. दुसरी आता मला येते, पण ती मी म्हणत नाही. ती माझी नाही. सोसायटीतली पोरं मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. त्या थांबण्यात काका रोज नव्याने जातात आणि मला फार एकटं वाटतं, हे सांगायला मला लाज नाही. मी देवभोळी नव्हते आणि झालेही नाही. पण त्यांच्या देवाकडे एक मागणं मी केलंय. एकदाच. पुन्हा काढलं नाही.

उद्यापासून मे महिना. सकाळीच चणे भिजत घातलेत. काकांचा टोप बंद घरात राहिला, म्हणून माझ्याकडचा सगळ्यात मोठा काढला. चणे आता फुगून काठापर्यंत आलेत.